आढळले

फोंड्याच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं
थुंकी तपासली.
लाल रंग, मग आम्ल, मग निळा.
निळ्यावर लाल काड्या दिसल्या तर मोजायच्या,
चिठ्ठीवर लिहायचं: आढळले.
नाही दिसल्या तर: आढळले नाही.
चिठ्ठी खिडकीतून बाहेर सरकवायची.
"बाई, काय आलंय?" कुणी विचारलंच
तर बोट दाखवायचं,
डॉक्टर तिकडे.

आता ढवळीच्या फ्लॅटमध्ये, फ्रिजशेजारी,
सत्तर लिटर पाणी आहे
आणि सहा मोती गुरामी.

चवथ झाली आणि एक सुकायला लागली.
वरून पाहिलं तर पाठीची नुसती धार,
पोट आत गेलेलं,
कुणी अंगठ्यानं दाबून धरल्यासारखं.
खायला मात्र सगळ्यांच्या पुढे.
घास घ्यायची, चघळायची, थुंकायची.
वहीत हा शब्द लिहिला आणि जरा थांबले.

मडगावच्या आग्नेलकडून आणलेली, त्यालाच फोन केला.
"बाये, उडय तें. शंबरांक दोन दितां."

रात्री दिवे मालवून टॉर्च मारला.
शेपटीच्या अलीकडे, पोटाखाली,
लाल धाग्याची तीन टोकं
बाहेर यायची, मी हलले की आत.
जंत!
जंत बघून इतका आनंद
मला आयुष्यात झाला नव्हता.

कुर्टीचे गुरांचे डॉक्टर कुंकळ्येकर
हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.
बाटलीवर शेळीचं चित्र होतं.
शेळीला किलोमागे एवढं,
मग गुरामीचं वजन कसं करू?
माशाचं नको, म्हणाले, पाण्याचं करा.

दोन मिलीला किंचित कमी.
भोबेकाकांची इन्सुलिनची सिरिंज, दोनदा भरून.
औषध उजेडात मरतं, म्हणून टाकीवर चादर,
चादर अपुरी पडली म्हणून
वर माझा जुना पांढरा कोट.
दुपारी मुलगा आला, पिशवीत बांगडे.
"आई, या कोटाखाली कोण आहे?"
"पेशंट," मी म्हटलं,
आणि बांगडे साफ करायला घेतले.

दुसऱ्या दिवशी खडीतले मेलेले जंत
नळीनं बादलीत ओढले.
एकोणीस. मोजायची सवय जात नाही.
वीस दिवसांनी पुन्हा तेच,
अंड्यांतून निघालेल्यांसाठी.
तोवर पाचजणींची पोटं गोल झाली होती.

सहावीची नाही.
तिची पाठ शेपटीकडून वाकत गेली,
स्वल्पविराम वाकतो तशी.
वाकलेली पाठ मी ओळखते.
बेतोड्याचा एक मुलगा यायचा,
खिडकीपर्यंत पोचायला टाचा उंचवायचा,
दर महिन्याला
जरा जास्त.

लवंगेचं तेल बाटलीत
टाकीच्याच पाण्याबरोबर हलवलं,
थेंबाथेंबानं सोडलं.
कल्ले थांबल्यावरही घड्याळ लावून
वीस मिनिटं बसून राहिले.
मग यकृताचा मुगाच्या निम्म्याएवढा कण
काचेवर चिरडला.
निवृत्तीला मला शाल मिळाली होती,
मायक्रोस्कोप मी नंतर भंगाराच्या लिलावात घेतला.
लाल. आम्ल. निळा.

काड्या होत्या.
माणसांतल्या त्या नव्हेत,
त्यांच्या पाण्यात राहणाऱ्या चुलतबहिणी.
यावर औषध आहे, नाही, असेल:
पुस्तकं एकमेकांकडे बोट दाखवतात.
मी वहीत लिहिलं: आढळले.
सरकवायला खिडकी नव्हती.

पाचजणी काचेशी येऊन तोंडं उघडतायत,
त्यांच्यात कुणात काय आहे
ते बाहेरून दिसत नाही.
हात घालण्याआधी मधल्या बोटाचा सांधा पाहिला.
गणपतीच्या आधी झाकणाची कड लागली होती,
अजून लालच आहे, टणक, दुखत नाही.
उद्या जाईन दवाखान्यात,
उभी राहीन खिडकीच्या
बाहेरच्या बाजूला.

आत्ता मोजे घालते.
लसणाच्या रसात भिजवलेलं खाणं
चिमटीभर टाकते,
आणि कोण थुंकतंय
ते बघत बसते.